हवामानसंकटावरची पुस्तकं : ‘आपण’ म्हणजे नेमकं कोण?

जोडाक्षर

हवामानसंकटावरचं लोकप्रिय इंग्रजी पुस्तक मराठीत आणायला घेतलं की पहिल्याच पानावर असा एक निर्णय घ्यावा लागतो, जो मूळ लेखकाला कधी घ्यावाच लागला नव्हता. इंग्रजीत ‘वुई’ एकच आहे. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असे दोन शब्द आहेत. ‘आपण’ म्हटलं की वाचक वाक्याच्या आत येतो, ‘आम्ही’ म्हटलं की बाहेर उभा राहतो. कोळसा आणि तेल ‘आपण’ जाळलं, असं लिहिलं तर ह्यूस्टनचा तीन गाड्यांचा मालक आणि बीडचा कोरडवाहू शेतकरी एकाच वाक्याचे कर्ते होतात. ‘आम्ही’ लिहिलं तर पुस्तक अमेरिकनांचा कबुलीजबाब होऊन बसतं आणि मराठी वाचकाला त्यात काही करण्यासारखं उरत नाही.

भीती दाखवावी की आशा, यावर भरपूर बोललं जातं. पण लेखक वाचकाला कुठे ढकलतोय हे ओळखायची खात्रीची जागा वाक्याचा कर्ता आहे, असं मला ठामपणे वाटतं. आणि कर्ता कोण हे बहुतेक वेळा पुस्तकाच्या मध्यवर्ती आकड्यावरून ठरतं.

बिल मॅकिबन यांचं ‘दि एंड ऑफ नेचर’ १९८९ चं. सामान्य वाचकांसाठी या विषयावर लिहिलेल्या पहिल्या पुस्तकांपैकी एक. त्यातलं दुःख खरं आहे, पण कर्ता ‘माणूस’ आहे आणि माणसाला पत्र पाठवता येत नाही. त्याच मॅकिबननी २०१२ मध्ये ‘रोलिंग स्टोन’मध्ये तीन आकड्यांवर एक लेख लिहिला. २ अंश सेल्सिअस ही तापमानवाढीची मान्य मर्यादा. तिच्या आत राहायचं तर २०५० पर्यंत आणखी साधारण ५६५ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडता येईल. आणि कंपन्यांच्या व तेलसंपन्न देशांच्या ताळेबंदांत आधीच धरलेल्या साठ्यांत आहे २,७९५ अब्ज टन. म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ पाचपट. या वजाबाकीतून कर्ता आपोआप समोर येतो: साठा ज्याच्या वहीत आहे तो. म्हणून त्यातून निघालेली कृतीही नेमकी होती. विद्यापीठं, चर्च, पेन्शन फंड यांनी त्या कंपन्यांतली गुंतवणूक काढून घ्यावी.

बिल गेट्स यांच्या २०२१ च्या ‘हाऊ टू अव्हॉइड अ क्लायमेट डिझास्टर’चा आकडा वेगळा: वर्षाला ५१ अब्ज टन हरितगृह वायू, आणि तो आकडा शून्यावर आणायचा. त्याची वाटणी ते कामांनुसार करतात. वस्तू बनवणं ३१ टक्के, वीज २७, शेती-पशुपालन १९, प्रवास-वाहतूक १६, घरं-इमारती उबदार किंवा थंड ठेवणं ७. सिमेंट, पोलाद यांसारख्या वस्तू बनवण्याचा वाटा विजेच्याही वर आहे हे ज्यांनी पहिल्यांदा इथे वाचलं, त्यांच्यासाठी पुस्तकाने मोठं काम केलं. पण वाटणी कामांची केली की देश आणि माणसं दिसेनाशी होतात. कर्ता उरतो संशोधक, गुंतवणूकदार आणि त्यांना पैसा देणारं सरकार. नाओमी क्लाइन यांच्या २०१४ च्या ‘धिस चेंजेस एव्हरीथिंग’मध्ये अगदी उलट. तिथे ‘आम्ही’ आहे आणि समोर ‘ते’, म्हणजे खनिज इंधनांच्या कंपन्या, आहेत. अनुवादकाला ते पुस्तक त्या मानाने सोपं जाईल.

बाकीच्यांनी आपापल्या वाचनातलं लिहावं. पुस्तकांची यादी नको, मांडणी कशी काम करते आणि कुठे फसते ते हवं.

धोंडाई

या सगळ्यांच्या आधी रेचल कार्सन यांचं ‘सायलेंट स्प्रिंग’ (१९६२) ठेवायला हवं, कारण आजही अनेक लेखक तोच साचा वापरतात आणि तो का चालला हे विसरतात. सुरुवातीला एका काल्पनिक गावाची छोटी गोष्ट. पक्षी गप्प झालेत, झाडांवर मधमाश्या नाहीत. त्याच प्रकरणात कार्सन स्पष्ट सांगतात की हे सगळं एकाच गावात घडलेलं नाही, पण यातली प्रत्येक गोष्ट कुठे ना कुठे खरोखर घडली आहे. पुढे कीटकनाशकांची नावं, ती अन्नसाखळीत वर सरकताना कशी साठत जातात, फवारणी कुणाच्या आदेशाने झाली. शेवटच्या प्रकरणात दुसरा रस्ता: जैविक नियंत्रण.

भीती होती. पण तिच्या दुसऱ्या टोकाला एक रसायन होतं, ते थांबवू शकणारी यंत्रणा होती आणि पर्यायही होता. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीचा शेतीतला वापर जवळपास पूर्ण बंद झाला. हवामानाच्या पुस्तकांनी गोष्टीचा भाग उचलला, आदेश कुणाचा हा भाग मात्र बऱ्याच जणांच्या हातून सुटला.

पाणलोट

डेव्हिड वॉलेस-वेल्स यांच्यावर लिहितो, कारण मराठी लेखांत त्यांचेच दाखले सर्वांत जास्त दिसतात आणि बहुधा चुकीचे वापरले जातात. जुलै २०१७ मध्ये ‘न्यूयॉर्क’ मासिकात ‘दि अनइन्हॅबिटेबल अर्थ’ हा लेख आला. तोवरचा त्या मासिकाचा सर्वाधिक वाचला गेलेला लेख. २०१९ मध्ये त्याच नावाचं पुस्तक. उष्मा, भूक, बुडणं, वणवे अशी संकटांची एकामागून एक बारा प्रकरणं. वाचकाला श्वास घ्यायला उसंत मिळू नये अशीच ती रचना आहे.

अडचण त्यातल्या गृहीतकाची आहे. सर्वांत भयानक चित्रं बहुधा आरसीपी ८.५ या उत्सर्जनपटावर, म्हणजे पुढे उत्सर्जन कसं होत जाईल याच्या एका गृहीत मार्गावर, उभी असतात. त्या पटात शतकाच्या अखेरीपर्यंत कोळशाचा वापर सुमारे पाचपट होईल असं धरलेलं आहे. सौर आणि पवन ऊर्जा स्वस्त झाल्यावर तो मार्ग फारच असंभाव्य झाला. जानेवारी २०२० मध्ये हाउसफादर आणि पीटर्स यांनी ‘नेचर’मध्ये नेमकं हेच लिहिलं: या टोकाच्या पटाला ‘असंच चालू राहिलं तर’ म्हणणं दिशाभूल करणारं आहे. सध्याची धोरणं धरली तर शतकाअखेर ३ अंशांच्या जवळपास किंवा किंचित खाली, असा अंदाज निघतो. तोही भयंकरच आहे. पण आरसीपी ८.५ मधले ४ ते ५ अंश आणि हे ३ अंश यांतला फरक कोट्यवधी माणसांच्या आयुष्याचा फरक आहे. स्वतः वॉलेस-वेल्स यांनी २०२२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन’मधल्या दीर्घ लेखात हा बदल प्रामाणिकपणे मांडला. मराठीत मात्र अजून २०१७ चीच वाक्यं फिरतायत.

म्हणून कुठलाही ‘२१०० मध्ये असं होईल’ हा दाखला घेताना मूळ संदर्भापर्यंत जाऊन पट कोणता ते बघा. सापडला नाही तर दाखला सोडून द्या. सापडला तर वाक्यातच घाला: ‘कोळशाचा वापर पाचपट झाला, तर…’ ती ‘तर’ची अट गळली की अंदाजाचं भविष्यकथन होतं.

मार्क लिनस यांची ‘सिक्स डिग्रीज’ची (२००७) रचना मला याबाबत जास्त प्रामाणिक वाटते. एका अंशाला एक प्रकरण. कोणत्या पायरीवर काय, हे वाचकाला कळतं. मात्र त्यात काळ निसटतो. एखादा हिमनग एका अंशाच्या पायरीवर अस्थिर झाला तरी तो वितळायला शतकं लागू शकतात.

जोडाक्षर

@पाणलोट, ‘तर’चा मुद्दा मोलाचा. एक बारीक दुरुस्ती: अखेरच्या वाक्यात हिमनग म्हटलंय, ते हिमस्तर हवं. हिमनग म्हणजे तुटून समुद्रात तरंगणारा तुकडा.

पाणलोट

बरोबर, हिमस्तरच. धन्यवाद.

युनिटमीटर

आकड्यावरून कर्ता ठरतो हे पटलं. त्याचं माझ्या मते सर्वोत्तम उदाहरण डेव्हिड मकाय यांचं ‘सस्टेनेबल एनर्जी : विदाउट द हॉट एअर’ (२००८). लेखक केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ, पुस्तक जालावर मोफत आहे. त्यांनी सगळ्या ऊर्जेसाठी एकच माप घेतलं: माणशी दिवसाला किती किलोवॉट-तास. मराठी वाचकासाठी हे वरदान आहे, कारण किलोवॉट-तास म्हणजे आपल्या लाइट बिलातलं एक युनिट. त्यांच्या हिशेबात ब्रिटनमध्ये माणशी रोज १२५ युनिट ऊर्जा लागत होती. इथे वाचक हमखास फसतो. ही फक्त वीज नाही. पेट्रोल, गॅस, विमानाचं इंधन सगळं धरून आहे, ते पहिल्याच उल्लेखात सांगायला हवं.

‘मोबाइल चार्जर सॉकेटमधून काढून ठेवा, ऊर्जा वाचेल’ हा मुद्दा ते या मापाने निकालात काढतात. रिकामा चार्जर दिवसभर सॉकेटमध्ये राहिला तर सुमारे ०.०१ युनिट. सर्वसाधारण मोटार एक सेकंद चालते तेवढ्यात ते संपतं. प्रत्येकाने थोडंथोडं केलं तर एकूणही थोडंच होईल, हा त्यांचा निष्कर्ष.

त्यांची उदाहरणं जशीच्या तशी उचलू नका, हिशेब नव्याने करा. त्यांच्याकडे टबातली आंघोळ आहे, ११० लिटर पाणी, ५ युनिट. आपल्याकडे २० लिटरची बादली. पाणी २५ अंशांवरून ४५ वर न्यायचं. २० × ४.१८६ × २० = सुमारे १,६७४ किलोज्यूल. ३,६०० ने भागा: ०.४७ युनिट. टबाच्या दहाव्या हिश्शाहून कमी. हा हिशेब न करता ‘आंघोळीचं पाणी वाचवा’ असं भाषांतर केलं, तर ज्याच्याकडे वाचवण्यासारखं काही नाही त्यालाच उपदेश केल्यासारखं होतं.

तिफण

इथपर्यंत १९९१ चं नाव आलं नाही याचं वाईट वाटतं. अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांची ‘ग्लोबल वॉर्मिंग इन अ‍ॅन अनइक्वल वर्ल्ड’ ही पुस्तिका, दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने काढलेली. ‘आपण’ कोण, हा प्रश्न जगासमोर सर्वांत धारदारपणे तिने मांडला. अमेरिकेतल्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने देशांची यादी केली होती आणि भारताला सर्वाधिक उत्सर्जन करणाऱ्यांत बसवलं होतं. या दोघांनी तो हिशेबच उलगडून दाखवला. भातखाचरातून आणि गुरांच्या पोटातून येणारा मिथेन मोटारींच्या धुरासोबत एकाच पारड्यात टाकला होता. शिवाय समुद्र आणि जंगलं जो कार्बन शोषतात, त्याचं श्रेय ज्याचं उत्सर्जन जास्त त्याला जास्त, असं वाटलं होतं. अग्रवाल-नारायण म्हणाले, शोषणक्षमता सर्व माणसांची सामाईक आहे, ती डोकेमाणशी वाटा. तशी वाटली की चित्र पालटतं. जगण्यासाठीचं उत्सर्जन आणि चैनीचं उत्सर्जन असा भेद त्यांनी केला. पुढच्याच वर्षी रिओच्या परिषदेतल्या हवामान करारात ‘सामाईक पण भिन्न जबाबदारी’ हे तत्त्व आलं, त्यामागे विकसनशील देशांच्या याच आग्रहाचं बळ होतं.

आजही खनिज इंधनांतून भारतात माणशी सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड, अमेरिकेत सुमारे १४ टन. पण एवढ्यावर थांबणंही सोयीचंच आहे. त्या २ टनांच्या सरासरीत मलबार हिल आहे आणि मेळघाटही आहे. ‘भारत’ हा कर्ताही फार मोठा आहे.

रानजाई

भीती की आशा याबद्दल काही ठोस अभ्यास आहे का? वाचनगटात दर वेळी चर्चा तिथेच अडकते.

सांजवारा

@रानजाई, आहे. किम विट यांनी १९९२ मध्ये मांडलेलं प्रारूप आधी लक्षात घ्या. धोका पाहिल्यावर माणूस दोन गोष्टी तपासतो: धोका किती गंभीर, आणि त्यावर मला काही करता येईल का. दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर तो धोक्याला भिडतो. ‘नाही’ असेल तर भीती कमी करण्याच्या मागे लागतो, म्हणजे विषय टाळतो, लेखकावर चिडतो किंवा ‘हे सगळं थोतांड’ म्हणतो. त्यामुळे भीती वाढवून उपाय धूसर ठेवणारं प्रकरण वाचकाला थेट नकाराकडे नेतं.

दुसरा अभ्यास २०२४ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये आला. ६३ देश, ५९ हजारांहून जास्त माणसं, अकरा प्रकारचे मजकूर. निराशेचा, विनाशाचा मजकूर वाचून लोकांनी माहिती समाजमाध्यमांवर सर्वांत जास्त पुढे पाठवली. पण झाडं लावली जावीत म्हणून थोडं कंटाळवाणं काम करायची वेळ आली, तेव्हा त्याच मजकुराने प्रयत्न कमी केले. धोरणांना पाठिंबा वाढवण्यात, पुढच्या पिढीतल्या मुलाला पत्र लिहायला सांगणारा मजकूर पुढे होता. माहिती पुढे पाठवण्यावरचा परिणाम सुमारे १२ टक्क्यांचा होता, पण मतं आणि धोरणांचा पाठिंबा यांवरचे परिणाम लहान, दोन-तीन टक्क्यांचेच आहेत, तेव्हा यातून जादूचा मंत्र काढू नये. पण एक गोष्ट स्पष्ट आहे: ‘खूप शेअर झालं’ हे लेख यशस्वी झाल्याचं माप होऊ शकत नाही.

मुदतीचंही असंच होतं. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक शास्त्रीय समितीच्या, ऑक्टोबर २०१८ च्या अहवालात होतं की दीड अंशाच्या आत राहायचं तर २०३० पर्यंत कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन २०१० च्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी उतरायला हवं. त्याचं लोकप्रिय रूप झालं ‘बारा वर्षं उरली’. वाक्य जोरदार, पण ते कड्याचं चित्र उभं करतं, आणि खरा भूगोल उताराचा आहे. प्रत्येक दशांश अंश मोजावा लागतो. २०२४ हे सालच दीड अंशाच्या वर गेलं. ज्यांनी कडा रंगवला होता त्यांच्या वाचकाला आता ‘संपलं सगळं’ वाटू शकतं. पॅरिस करारातली मर्यादा दीर्घकालीन सरासरीची आहे, एका वर्षाची नाही, हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

युनिटमीटर

उपायांच्या यादीची मांडणीही तपासू या. पॉल हॉकन यांनी संपादित केलेलं ‘ड्रॉडाउन’ (२०१७). उपायांना क्रमांक दिलेले. पहिल्या क्रमांकावर अनपेक्षित गोष्ट आली: एसी-फ्रिजमधल्या वायूची नीट विल्हेवाट. २०५० पर्यंत सुमारे ९० अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतकी बचत. तीन वर्षांनी आलेल्या फेरआढाव्यात क्रम बदलला, कारण क्रम गृहीतकांवर हलतो. क्रमांक पाठ करण्यात अर्थ नाही. पण या उपायाचा कर्ता बघा: गल्लीतला एसी मेकॅनिक.

एसीत भरतात त्या आर-४१०ए वायूचा एक किलो हवेत गेला तर शंभर वर्षांतल्या तापमानवाढीच्या मापाने तो सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइडइतका ठरतो. दीड टनाच्या स्प्लिट एसीत साधारण एक किलोच्या आसपास वायू असतो. तिफण यांनी वर दिलेलं भारतीय माणसाचं वर्षाचं उत्सर्जन तेवढंच. आर-३२ हा दुसरा वायू असेल तर त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. एसीतला वायू वापराने संपत नाही. कमी झाला म्हणजे गळती आहे. तरी दर उन्हाळ्यात ‘गॅस टॉप-अप’ होतो, गळती तशीच राहते. योग्य क्रम असा: उरलेला वायू यंत्राने सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा, नायट्रोजनचा दाब देऊन नळ्यांच्या (फ्लेअरच्या) जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, जोड दुरुस्त करायचा, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून घ्यायची, मग पाटीवर लिहिलेल्या वजनाइतकाच वायू काट्यावर तोलून भरायचा. यातली वायू काढून घ्यायची पायरी वेळखाऊ आहे, यंत्र महाग आहे आणि ग्राहक तिचे पैसे देत नाही. म्हणून ती गाळली जाते. पुस्तक ‘रेफ्रिजरंट मॅनेजमेंट’ म्हणून थांबतं. मराठी लेखाने इथपर्यंत यावं.

जोडाक्षर

@युनिटमीटर, हाच प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून लिहा.

आता भाषांतरात हमखास होणाऱ्या चुका. कार्बन आणि कार्बन डायऑक्साइड यांत ४४ भागिले १२, म्हणजे ३.६७ पटीचा फरक आहे. काही लेखक ‘टन कार्बन’ देतात, तो तसाच ‘कार्बन डायऑक्साइड’ केला की आकडा पावणेचार पटीने चुकतो. फॅरनहाइटमधली वाढ सेल्सिअसमध्ये नेताना ३२ वजा करायचे नसतात, फक्त १.८ ने भागायचं. ३.६ अंश फॅरनहाइटची वाढ म्हणजे २ अंश सेल्सिअस. ‘दोन अंशांनी वाढ’ ही आजपासून धरू नका, ती १८५०–१९०० च्या सरासरीपासून आहे. ‘शंभर वर्षांत एकदा येणारा पूर’ म्हणजे एकदा आला की पुढची ९९ वर्षं निर्धास्त, असा अर्थ मराठीत हमखास लागतो. दर वर्षी एक टक्का शक्यता, असं लिहा. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ती साधारण २६ टक्के होते.

धोंडाई

आणि खुद्द ‘हवामान’! शाळेच्या भूगोलात हवा म्हणजे रोजची, हवामान म्हणजे दीर्घकालीन सरासरी. पण बातम्यांत ‘हवामानाचा अंदाज’ उद्याच्या पावसाचा असतो. त्यामुळे ‘हवामान बदल’ ऐकून आजोबा म्हणतात, हवामान तर रोजच बदलतं, आणि त्यांचं भाषेच्या दृष्टीने चूक नसतं. ‘तापमानवाढ’ हा शब्द त्यातल्या त्यात चकवत नाही. शेतीबद्दल लिहिताना नक्षत्रं उपयोगी पडतात. सरासरीतला बदल ‘मृगाचा पाऊस’ या मोजपट्टीवर सांगितला तर तो लगेच समजतो, कारण पेरणीचा निर्णय तिथेच अडकलेला असतो.

रानजाई

अमिताव घोष राहिले. ‘दि ग्रेट डिरेंजमेंट’ (२०१६), शिकागो विद्यापीठातल्या व्याख्यानांवरून झालेलं. १७ मार्च १९७८ ला दिल्लीत आलेल्या टॉर्नेडोचा, म्हणजे जमिनीवर उतरलेल्या वादळी भोवऱ्याचा, घोष यांचा स्वतःचा अनुभव त्यात आहे. मुंबईवर थेट चक्रीवादळ आलं तर काय, याचा त्यात सविस्तर विचार आहे. पुस्तकानंतर चार वर्षांनी, ३ जून २०२० ला, ‘निसर्ग’ मुंबईच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं.

त्यात एक छोटा प्रसंग आहे. धोका कळल्यावर घोष आपल्या आईला कोलकात्यातलं घर बदलायला सुचवतात आणि आई त्यांच्याकडे वेड लागल्यासारखं बघते. एकट्या घराने निघून जाणं हा उपाय होऊच शकत नाही, निर्णय सामूहिकच हवा, हे त्या प्रसंगातून कुठल्याही आकड्याशिवाय कळतं. दिलीप कुलकर्णींच्या ‘निसर्गायण’च्या वाटेने जाणाऱ्या मराठी लेखनात कर्ता बहुधा कुटुंब असतो: गरजा कमी करा, साधं राहा. त्या लेखनाबद्दल आदर आहेच. पण किनाऱ्यावरची घरं हलवणं कुठल्याही कुटुंबाच्या साधेपणाने होणार नाही.

तिफण

@जोडाक्षर, कर्ता बदलून लिहायचं म्हणजे प्रत्यक्षात कसं, एक वाक्य करून दाखवाल का? ‘आपण वर्षाला ५१ अब्ज टन वायू सोडतो आणि आपल्याला ते शून्यावर आणायचे आहेत’ हेच घ्या.

जोडाक्षर

करून बघतो. पहिल्या ‘आपण’च्या जागी ‘जगात’. दुसरा ‘आपल्याला’ तोडून एखादा इथला तुकडा घ्यायचा. चंद्रपूरचं औष्णिक वीजकेंद्र घेऊ, २,९२० मेगावॉट. ते क्षमतेच्या ६० टक्क्यांनी चाललं असं धरलं तर वर्षाला सुमारे १,५३५ कोटी युनिट. कोळशाच्या विजेला युनिटमागे ०.९५ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. साधारण दीड कोटी टन होतो. दोन्ही गृहीतकं वाक्यात ठेवायची, लपवायची नाहीत.

मग असं होईल: ‘जगात वर्षाला सुमारे ५१ अब्ज टन हरितगृह वायू हवेत जातात. चंद्रपूरचं केंद्र ६० टक्के क्षमतेने चाललं तर त्यातले सुमारे दीड कोटी टन त्याचे. ते केंद्र महानिर्मिती चालवते, तिची वीज महावितरण घेते, आणि कोणती वीज किती दराने घ्यायची याला मंजुरी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग देतो. दरनिश्चितीच्या वेळी वर्तमानपत्रांत जाहीर सूचना येते, मुदतीत कुणालाही लेखी हरकत देता येते आणि सुनावणीत बोलता येतं.’

वाक्यं लांबली, जोर कमी झाला, हे मान्य. पण चंद्रपूरच्या राखेत राहणाऱ्या माणसाला ‘आपण’मध्ये ओढलेलं नाही, आणि हरकत लिहायला बसणाऱ्याला ती कुणाच्या नावे लिहायची ते कळतं.

पाणलोट

ही हरकत लिहिताना सोबत दोन गोष्टी जोडाव्यात. केंद्रातल्या प्रत्येक संचाचं (वीज बनवणाऱ्या यंत्रसंचाचं) वय, आणि त्या संचाच्या विजेचा युनिटमागचा इंधनखर्च. दोन्ही आकडे दरयाचिकेच्या तक्त्यांत असतात. जुना संच आणि महाग वीज एकाच ओळीत दिसले की सुनावणीत प्रश्न विचारायला जागा मिळते.